किनारा, प्रतिमा आणि कारण : ब्रिटिश किनाऱ्यावरील दस्तऐवजी छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

दस्तऐवजी छायाचित्रणाचा विचार साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात का करावा, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. सुटे छायाचित्र चित्रकलेच्या किंवा पत्रकारितेच्या शेजारी उभे असते. तेच पुस्तकात आले, त्याला शीर्षक, तारीख, प्रस्तावना आणि मागचे-पुढचे पान लाभले, की ते एका संहितेचा घटक बनते. निवेदक कोण, काळ कोणता, काय सांगितले, काय वगळले आणि घटनांमधील कार्यकारणभाव कोठून येतो, हे कथनमीमांसेचे नेहमीचे प्रश्न मग त्यालाही विचारावे लागतात. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. छायाचित्र ‘हे असे होते’ एवढे ठामपणे सांगते. ‘हे असे का झाले’ हे सांगण्याची सोय त्याच्या माध्यमातच नाही.

किनारी प्रदेशांच्या छायाचित्रणात ही अडचण अधिक गंभीर होते, कारण तेथे समुद्र आयते उत्तर पुरवतो. मराठीत एखाद्या गोष्टीचा ऱ्हास होऊ लागला म्हणजे तिला ‘ओहोटी लागली’ असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारात एक भूमिका दडलेली आहे. ओहोटी आपोआप लागते. तिच्यामागे कोणाचा निर्णय नसतो आणि तिचा जाब कोणाला विचारता येत नाही. बंद पडलेली गोदी, ओस पडलेली मासेमारीची वस्ती किंवा खाणीचा कचरा साचलेली पुळण समुद्राच्या पार्श्वभूमीवर दाखवली, की पाहणाऱ्याच्या मनात हेच रूपक नकळत काम करू लागते. राजकीय निर्णयाचा परिणाम निसर्गक्रमासारखा भासतो आणि इतिहासाची विलापिका होते. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील, विशेषतः इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील छायाचित्रणाचा इतिहास या दृष्टीने तपासला, तर तो प्रतिमेला कारण परत मिळवून देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे असे दिसते. हे प्रयत्न कोठे सफल झाले आणि कोठे अडले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

या इतिहासाचा आरंभ एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या मासेमारीच्या गावी होतो. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि तरुण छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन १८४३ साली एकत्र आले, ते एका धार्मिक-राजकीय घटनेमुळे. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. नव्या चर्चच्या स्थापनेचे भव्य चित्र रंगवण्याचा संकल्प हिलने केला आणि शेकडो धर्मोपदेशकांचे चेहरे टिपण्यासाठी त्याने कॅलोटाइप या कागदी निगेटिव्हच्या तंत्राचा आश्रय घेतला. चित्र पूर्ण व्हायला १८६६ साल उजाडले. दरम्यान, १८४८ मध्ये ॲडमसनच्या अकाली मृत्यूने संपलेल्या अवघ्या साडेचार वर्षांच्या सहकार्यात या दोघांनी न्यूहेवनच्या कोळ्यांची आणि मासेविक्रेत्या स्त्रियांची शंभराहून अधिक छायाचित्रे घेतली. फोर्थच्या खाडीवरील कोळी स्त्री-पुरुषांविषयीचा एक खंड त्यांनी १८४४ साली जाहीरही केला होता. तो कधीच प्रसिद्ध झाला नाही.

या छायाचित्रांत समुद्र जवळजवळ नाही. कॅलोटाइपला दीर्घ प्रकाशन लागत असल्याने हलणारी लाट, डोलणारी होडी किंवा ओढले जाणारे जाळे त्या कागदावर उमटणे शक्य नव्हते. म्हणून कोळी किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला टेकून उभे आहेत आणि स्त्रिया टोपल्यांशेजारी स्थिर बसल्या आहेत. ज्या श्रमावर हे गाव जगत होते, तो श्रम तंत्राच्या मर्यादेमुळे चौकटीबाहेर राहिला आणि उरली ती श्रमिकांची शांत, प्रतिष्ठित मुद्रा. पुढील शतकभर किनारी छायाचित्रणात आढळणाऱ्या ‘कालातीत कोळी’ या संकेताचे एक मूळ येथे, प्रकाशनाच्या कालावधीत आहे. सौंदर्याचा संकेत म्हणून जे पुढे स्थिरावले, ते आरंभी रसायनाचे बंधन होते.

वॉल्टर बेंजामिन याने छायाचित्रणाच्या इतिहासावर १९३१ मध्ये लिहिलेल्या निबंधात न्यूहेवनच्या अशाच एका कोळिणीच्या छायाचित्राचा विचार केला आहे. खाली नजर झुकवलेल्या त्या स्त्रीच्या प्रतिमेत छायाचित्रकाराच्या कलेत न विरघळणारे काहीतरी शिल्लक राहते आणि ते तिच्या नावाची मागणी करते, असे त्याचे प्रतिपादन आहे. आज संग्रहालयाच्या नोंदीत ते नाव आहे : एलिझाबेथ जॉनस्टन हॉल. बेंजामिनचा मुद्दा मात्र नाव सापडल्याने संपत नाही. नावाची मागणी ही इतिहासाची मागणी आहे. ही स्त्री कोण, कोणत्या अर्थव्यवस्थेत जगत होती आणि ती येथे, या क्षणी, अशी का उभी आहे, हे प्रश्न प्रतिमा निर्माण करते आणि अनुत्तरित ठेवते.

३

अमेरिकी छायाचित्रकार पॉल स्ट्रँड याचे ‘तीर अ व्हुरेन’ हे पुस्तक याच अनुत्तरित जागेचे विसाव्या शतकातील उदाहरण आहे. मॅकार्थीच्या काळातील वातावरणामुळे स्ट्रँडने १९५० साली देश सोडला आणि तो फ्रान्समध्ये स्थायिक झाला. १९५४ मध्ये त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपैकी साउथ यूइस्ट आणि आसपासच्या बेटांवर काही महिने छायाचित्रण केले. गेलिक भाषेतील शीर्षकाचा अर्थ वालुकामय किनाऱ्यावर उगवणाऱ्या एका गवताची भूमी असा आहे. बेसिल डेव्हिडसन याच्या मजकुरासह ते पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले.

छायाचित्रण आणि प्रकाशन यांमधल्या आठ वर्षांत बेटावर मोठी घटना घडली. क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी साउथ यूइस्टवर तळ उभारण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने १९५५ मध्ये जाहीर केला. गेलिक भाषा आणि छोट्या शेतकऱ्यांचे जीवन यांवर होणाऱ्या परिणामांमुळे त्याला स्थानिक विरोध झाला, आणि १९५९ मध्ये तेथून पहिले क्षेपणास्त्र सुटले. शीर्षकातील गवत ज्या वाळूच्या किनारपट्टीवर वाढते, तीच भूमी शीतयुद्धाच्या नकाशावर आली. स्ट्रँडच्या प्रतिमा या घटनेपूर्वीच्या आहेत. तिची खूण त्यांत असणे शक्यच नाही. दगडी भिंती, घोडे, वाऱ्याने कोरलेले चेहरे आणि खिडक्या यांची ती संयत मालिका पाहताना वाचकाला एक अक्षय, निसर्गाशी एकरूप जीवन दिसते. १९६२ च्या वाचकाने तीच पाने तळाच्या बातमीसह वाचली असतील, तर त्या शांततेचा अर्थ संपूर्ण बदलला असेल. प्रतिमा तीच राहिली आणि तिचा काळ बदलला. यावरून एक सूत्र हाती येते. छायाचित्राचा ऐतिहासिक अर्थ कॅमेऱ्याच्या क्षणी पूर्ण होत नाही. तो प्रकाशनाच्या आणि वाचनाच्या क्षणी पुन्हा ठरतो. म्हणूनच प्रतिमेपेक्षा पुस्तकाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

४

हे सूत्र सर्वाधिक स्पष्टपणे कसाला लागते ते ख्रिस किलिप याच्या ‘इन फ्लॅग्रांटे’ या पुस्तकात. १९४६ साली आइल ऑफ मॅन येथे जन्मलेला किलिप १९७५ मध्ये एका शिष्यवृत्तीवर न्यूकॅसलला आला. पुढील दशकभरात त्याने टाइन नदीच्या मुखाजवळच्या गोद्या, लाइनमथची पुळण आणि स्किनिंग्रोव्ह हे मच्छिमारांचे गाव अशा वस्त्यांत दीर्घकाळ काम केले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील छायाचित्रे १९७३ ते १९८५ या काळातील आहेत.

लाइनमथची छायाचित्रे प्रस्तुत चर्चेसाठी विशेष महत्त्वाची आहेत. तेथे खाणीतून समुद्रात टाकलेल्या कचऱ्यातील कोळसा भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येई, आणि काही कुटुंबे घोडागाड्या लाटांत घालून तो गोळा करून विकत. १९७६ मध्ये किलिपने ही जागा प्रथम पाहिली तेव्हा तेथील लोकांनी त्याला पिटाळून लावले. बेकारभत्त्याच्या कार्यालयाने पाठवलेला हेर म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. प्रवेश मिळायला १९८२ साल उजाडले. त्यानंतर त्याने त्या तळावरच कॅरॅव्हॅनमध्ये राहून काम केले. हा तपशील किरकोळ नाही. ज्यांच्यासाठी कॅमेरा आणि शासकीय नोंदवही यांत भेद नव्हता, त्यांचा संशय ही दस्तऐवजी छायाचित्रणाची सर्वांत नेमकी समीक्षा होती. मार्था रोझलर हिने १९८१ च्या निबंधात सिद्धांताच्या पातळीवर जे मांडले, की उदारमतवादी दस्तऐवजी परंपरा दुर्बलांविषयीची माहिती सबलांपर्यंत पोहोचवते, ते लाइनमथच्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते.

प्रवेश मिळाल्यावर काढलेल्या या छायाचित्रांत एक निराळाच धोका निर्माण झाला. धुके, लाटा, घोडे आणि ओणवी माणसे यांमुळे ती एकोणिसाव्या शतकातील शेतकरीचित्रांसारखी दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे की हे आदिम जीवन औद्योगिक युगापासून कसेबसे बचावले आहे. वस्तुस्थिती उलट होती. ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठी उभारलेले आधुनिक वीजकेंद्र लाइनमथला १९७२ पासून उभे होते. घोडागाडी हा मागे राहिलेला भूतकाळ नव्हता. खाणीचा कचरा आणि वाढती बेकारी यांनी निर्माण केलेला तो अगदी ताजा वर्तमान होता. एवढी गोष्ट प्रतिमा स्वतःच्या बळावर सांगू शकत नाही.

पुस्तकाच्या शीर्षकातच याची जाणीव आहे. ‘इन फ्लॅग्रांटे’ हा कायद्यातील लॅटिन शब्दप्रयोग गुन्हा करताना रंगेहाथ सापडण्यासाठी वापरला जातो. कोण सापडले, हे १९८८ ची आवृत्ती सांगत नाही. छायाचित्रकार सापडला, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहणारा वाचक सापडला, की राज्यसंस्था सापडली, हे सर्व पर्याय खुले राहतात. किंबहुना आरंभीच्या टिपणात हे पुस्तक इतिहास नसून कल्पित आहे, असे किलिपने बजावले होते, आणि सोबत जॉन बर्जर व सिल्व्हिया ग्रँट यांचा मजकूर होता. तरीही पुस्तक प्रसिद्ध होताच वाचकांनी आरोपीचे नाव स्वतःच ठरवले : मार्गारेट थॅचर. खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप ताजा असताना हे वाचन स्वाभाविक होते.

परंतु तारखा या वाचनाला पुरेशी साथ देत नाहीत. पुस्तकाची ओळख बनलेल्या छायाचित्रांपैकी एक जॅरो येथील भिंतीवर बसलेल्या तरुणाचे आहे. गुडघे पोटाशी, मुठी कपाळाशी आवळलेल्या, डोळे मिटलेले. थॅचरकालीन उद्ध्वस्ततेचे प्रतीक म्हणून ते पाहिले जाते. ते घेतले गेले १९७६ मध्ये, मजूर पक्ष सत्तेवर असताना आणि थॅचर पंतप्रधान होण्याच्या तीन वर्षे आधी. १९७५ मध्ये वॉल्सएंडच्या गोदीत ‘टाइन प्राइड’ हे अजस्र तेलवाहू जहाज बांधले जात होते तेव्हा किलिपने कामगारांच्या घरांच्या ओळीमागे डोंगरासारखे उभे असलेले ते टिपले. दोन वर्षांनी त्याच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रात जहाज नाही आणि घरेही पाडलेली आहेत. त्याच वर्षी, १९७७ मध्ये, जहाजबांधणीचे राष्ट्रीयीकरण झाले. स्वान हंटर ही कंपनी पुढे १९८६ मध्ये पुन्हा खाजगी मालकीत गेली आणि १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकांच्या हाती आली. या मालिकेत एकच खलनायक शोधणे म्हणजे दीर्घ आर्थिक प्रक्रियेला चरित्रकथेचे रूप देणे होय.

२०१६ साली ‘इन फ्लॅग्रांटे टू’ प्रसिद्ध झाले. त्यातून आधीचे लेख वगळले होते. प्रतिमा मोठ्या आकारात, उजव्या पानावर एकेक अशा छापल्या होत्या. शब्द म्हणून आरंभी मोजकी नोंद होती. ही छायाचित्रे १९७३ ते १९८५ या काळातील असल्याचे सांगून त्या काळातील पंतप्रधानांची नावे, पक्ष आणि कार्यकाळ तिच्यात दिले होते : हीथ, विल्सन, कॅलाहन, थॅचर. दोन हुजूर पक्षाचे, दोन मजूर पक्षाचे.

शब्द कमी करून प्रतिमांना मोकळे केले, असा या बदलाचा अर्थ काही जण लावतील. माझ्या मते येथे घडले ते याच्या विरुद्ध आहे. १९८८ च्या आवृत्तीत पुष्कळ शब्द होते आणि ते प्रतिमांना कल्पिताकडे, रूपकाकडे नेत होते. २०१६ मध्ये शब्द मोजके उरले, आणि ते इतिहासाचे झाले. ती यादी युक्तिवाद करीत नाही, विशेषण वापरत नाही. एखाद्या बखरीच्या वंशावळीइतकी ती कोरडी आहे. मात्र तिच्यामुळे दोन सोयीस्कर वाचने एकाच वेळी अशक्य होतात. समुद्राने हे केले असे म्हणता येत नाही, कारण सत्ताधाऱ्यांची नावे समोर आहेत. आणि एकाच व्यक्तीने हे केले असेही म्हणता येत नाही, कारण नावे चार आहेत. शीर्षकाने अठ्ठावीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे हे संयत उत्तर आहे. कार्यकारणभाव प्रतिमेत घुसडण्याऐवजी तो तिच्या उंबरठ्यावर ठेवला आहे, आणि तो ओलांडूनच वाचकाला आत जावे लागते.

५

कारणाचा शोध घेण्याचा दुसरा मार्ग ॲलन सेक्युला याने चोखाळला. १९९५ मध्ये प्रदर्शन आणि पुस्तक अशा दोन्ही रूपांत आलेल्या ‘फिश स्टोरी’त त्याने एका किनाऱ्यावर राहणे नाकारले. लॉस एंजेलिस, रॉटरडॅम, ग्दान्स्क, उल्सान, हाँगकाँग, व्हेराक्रूझ अशी बंदरे एका सूत्रात ओवली आणि छायाचित्रांच्या बरोबरीने दीर्घ निबंध लिहिले. १९५६ मध्ये सुरू झालेल्या कंटेनरवाहतुकीने मालाबरोबर श्रमही पेटीत बंद करून दृष्टीआड केले, आणि समुद्र कालबाह्य झाल्याचा भ्रम निर्माण केला, हे त्याचे प्रतिपादन. एका बंदरातील बेकारी दुसऱ्या बंदरातील गोदीशी जोडून दाखवल्याखेरीज तिचे कारण दिसत नाही, हा सेक्युलाचा आग्रह सिद्धांतदृष्ट्या निर्विवाद आहे. टाइनकाठी जे बुडाले त्याचा एक भाग कोरियाच्या किनाऱ्यावर उभा राहत होता, हे केवळ टाइनकाठी राहून टिपता येणार नाही.

तथापि या पद्धतीची किंमतही आहे. जग जोडताना माणूस उदाहरण बनतो. किलिपच्या पद्धतीत ही किंमत कमी आहे, हे स्किनिंग्रोव्हच्या एका घटनेवरून ध्यानात येते. त्याने ज्यांची छायाचित्रे घेतली होती त्यांपैकी दोन तरुण पुढे समुद्रात बुडाले. त्यांपैकी एकाच्या आईला किलिपने त्याच्या छायाचित्रांचा संग्रह करून दिला. त्या घरात ही छायाचित्रे औद्योगिक ऱ्हासाचा दस्तऐवज नाहीत. तेथे बेंजामिनने सांगितलेली नावाची मागणी आपोआप पूर्ण झालेली असते. दस्तऐवजी छायाचित्रणाचे सिद्धांत सहसा दालनातील अनोळखी प्रेक्षक गृहीत धरतात. ज्यांची प्रतिमा आहे तेही तिचे वाचक असतात, याला त्यांत जागा नसते.

ही जागा जाणीवपूर्वक निर्माण करण्याचा प्रयत्न ‘ॲम्बर’ या समूहाने केला. १९६८ मध्ये लंडनला स्थापन झालेला हा समूह १९६९ मध्ये न्यूकॅसलला आला. कामगारवस्त्यांत वर्षानुवर्षे राहणे, चित्रपट आणि छायाचित्रे सामूहिकरीत्या करणे आणि ती त्या वस्त्यांना परत दाखवणे ही त्याची पद्धत होती. १९७७ मध्ये न्यूकॅसलला सुरू झालेल्या ‘साइड गॅलरी’च्या स्थापनेत किलिपचाही सहभाग होता. या समूहातील फिनिश छायाचित्रकार सिर्का-लीसा कोंटिनेन हिचे ‘द कोल कोस्ट’ हे २००३ चे पुस्तक आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. डरहॅमच्या किनाऱ्यावर खाणींचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या टाकला जात होता. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली आणि १९९७ ते २००२ या काळात सुमारे 1 कोटी पौंड खर्चून हा किनारा स्वच्छ करण्यात आला. कोंटिनेनने गंजलेले लोखंड, रंगीत गाळ आणि समुद्राने झिजवलेले अवशेष यांची जवळून रंगीत छायाचित्रे घेतली. माणसे त्यांत जवळजवळ नाहीत. समुद्र खरोखरच खुणा पुसत असताना त्या पुसण्याचीच नोंद त्यांत होते. पुळण पूर्ववत सुंदर झाली ती केवळ लाटांमुळे नव्हे, त्यासाठी अंदाजपत्रक लागले. ज्या समाजाने तो कचरा निर्माण करण्यात आयुष्ये घालवली, त्याच्या पुनर्वसनाचे गणित मात्र इतके सरळ सुटले नाही.

६

येथवरच्या विवेचनातून एक निष्कर्ष काढता येतो. किनाऱ्याच्या छायाचित्राला कारण मिळते ते तीन ठिकाणांहून : शब्दांकडून, शेजारच्या प्रतिमांकडून आणि ती प्रतिमा सांभाळणाऱ्या संस्थेकडून. पहिल्या दोहोंची चर्चा सिद्धांतात पुष्कळ झाली आहे. तिसऱ्याची फारशी होत नाही. प्रतिमा कोणत्या संग्रहात, कोणत्या शहरात आणि कोणाच्या खर्चाने राहते, यावर ती कोणाला दिसेल आणि कोणत्या इतिहासाचा पुरावा ठरेल, हे अवलंबून असते.

‘ॲम्बर’चे काम २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीच्या ब्रिटिश यादीत समाविष्ट झाले. किलिपचे २०२० मध्ये निधन झाले आणि त्याच्या कामाचे सिंहावलोकन करणारे मोठे प्रदर्शन लंडननंतर २०२३ मध्ये टाइनच्या काठी, गेट्सहेडच्या ‘बाल्टिक’ या कलाकेंद्रात आले. त्याच वर्षी नदीच्या दुसऱ्या तीरावरील ‘साइड गॅलरी’ सार्वजनिक अनुदान थांबल्यामुळे बंद पडली. एका बाजूला छायाचित्रकाराचा गौरव होत होता आणि दुसऱ्या बाजूला ज्या संस्थेने ती छायाचित्रे त्या लोकांमध्ये रुजवली, तिचे दार बंद होत होते. या दोन घटना परस्परविरोधी वाटतात, पण एकाच प्रक्रियेच्या त्या दोन बाजू आहेत. दस्तऐवज अभिजात कलाकृती म्हणून स्थिर होतो, तेव्हा त्याला जन्म देणारी स्थानिक व्यवस्था अनावश्यक ठरू शकते.

या घटनेलाही कोणी ओहोटी म्हणेल. अनुदान देण्याचा आणि थांबवण्याचा निर्णय समितीच्या बैठकीत होतो, त्याला तारीख असते आणि सह्या असतात. किलिपच्या चार नावांनी वाचनाची जी शिस्त घालून दिली, ती आता छायाचित्रांपुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. ती त्यांच्या संग्रहांच्या इतिहासालाही लावावी लागेल.